पाहुणा दुसरी रात्रही राहिला पाहिजे

प्रति,
महापौर व सर्व नगरसेवक, महापालिका आयुक्त, जिल्हाधिकारी आणि पर्यटन विभागाचे अधिकारी,
छत्रपती संभाजीनगर

सप्रेम नमस्कार.

मी परवानाधारक पर्यटक गाईड आहे. वेरूळ, अजिंठा, देवगिरी, मकबरा, पाणचक्की ही माझी कामाची ठिकाणे. मुंबई-पुण्याची कुटुंबे, बंगालमधून येणारे गट, शाळांच्या सहली, जपान आणि थायलंडचे बौद्ध यात्रेकरू असे सगळ्या तऱ्हेचे पाहुणे घेऊन मी फिरतो. पर्यटनावर शासकीय बैठक झाली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिला आकडा येतो तो यंदा किती पर्यटक आले याचा. हा आकडा वाढला की सगळे खूश, घटला की खुलासे. माझी विनंती आहे की यापुढे दुसराच आकडा आधी काढा. आलेला पाहुणा आपल्या शहरात किती रात्री राहिला आणि त्यातली एक तरी संध्याकाळ त्याने जुन्या शहरात घालवली का, एवढे मोजा. हे लांबलचक पत्र त्या एका मागणीसाठी लिहितो आहे.

तिकिटापासून सुरुवात करतो. वेरूळ आणि अजिंठा १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. त्या वर्षी भारतातली पहिली चार नावे यादीत आली, त्यांतली दोन आपल्या जिल्ह्यातली. उरलेली दोन म्हणजे ताजमहाल आणि आग्र्याचा किल्ला. लेण्यांचे तिकीट भारतीयांना ४० रुपये आणि बहुतेक परदेशी पाहुण्यांना ६०० रुपये. हे पैसे पुरातत्त्व सर्वेक्षणामार्फत केंद्र सरकारकडे जमा होतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, देशाचा ठेवा आहे, देशाने सांभाळावा. पण याचा अर्थ असा की वेरूळच्या फाटकावर कितीही लांब रांग लागली तरी त्या रांगेतून महापालिकेच्या, खुलताबाद तालुक्याच्या किंवा सोयगाव तालुक्याच्या हातात थेट काही पडत नाही. इथल्या माणसाच्या हातात जे पडते ते तिकिटाबाहेरचे. खोलीचे भाडे, दोन वेळचे जेवण, रिक्षा, गाईडचे मानधन, एखादी शाल, देवगिरीच्या पायथ्याशी टोपल्या मांडून बसलेल्या बायांकडची सीताफळे आणि पेरू. हा सगळा खर्च माणूस किती वेळ रेंगाळतो यावर ठरतो. घाईत असलेला माणूस पाकीट काढत नाही.

आणि आपला पाहुणा घाईत आहे. शनिवारी सकाळी येतो, वेरूळ बघतो, परतताना देवगिरी खालूनच बघतो, अंधार पडायच्या आत मकबरा गाठतो. रविवारी पहाटे अजिंठ्याला निघतो आणि तिथूनच जळगावला रेल्वे पकडतो किंवा मुंबईच्या वाटेला लागतो. एक रात्र, तीही थकून झोपण्यात गेलेली. दुसरा मोठा गट शिर्डीचा. साईबाबांचे दर्शन झाले की शनिशिंगणापूर, मग घृष्णेश्वर, आणि आलोच आहोत तर कैलास लेणे, असा त्यांचा क्रम असतो. शिर्डी ते वेरूळ अंतर शंभरेक किलोमीटर. सकाळी निघालेली गाडी रात्री परत शिर्डीत मुक्कामाला जाते. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आपल्या दाराशी असून त्या भाविकाचा मुक्काम आपल्याकडे नसतो.

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. त्याचे स्वागत सगळ्यांनी केले, मीही केले. पण या रस्त्याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो, हे ध्यानात घ्यायला हवे. येणे सोपे झाले तसे जाणेही सोपे झाले. पूर्वी जो माणूस रात्रीचा प्रवास नको म्हणून इथे थांबायचा, तो आता जेवण झाले की गाडी काढतो. गर्दी वाढेल, मुक्काम घटेल, आणि आकडे मात्र चांगले दिसतील. म्हणून मोजायची रीत आत्ताच बदलायला हवी.

लेणी संध्याकाळी बंद होतात. त्यानंतर पाहुण्याने करायचे काय? हा प्रश्न मला जवळजवळ रोज विचारला जातो, आणि उत्तर द्यायला माझ्याकडे अख्खे शहर आहे. फक्त त्या शहरात पाहुण्याला नेण्याची सोय नाही.

आपले शहर १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी या गावाच्या जागी वसवले. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला मुलगा निजामशाहीचा वजीर होतो आणि राजधानी उभारतो, ही गोष्ट ऐकली की परदेशी पाहुणे चालता चालता थांबतात. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून त्याने १६१२ मध्ये भडकल दरवाजा बांधला. इथून वेरूळ तीस किलोमीटर, आणि वेरूळ हे भोसल्यांचे गाव. मालोजीराजे आणि शहाजीराजे निजामशाहीत होते. १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेचा पाडाव झाला, त्या लढाईत शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने लढले. शिवछत्रपतींच्या घराण्याची पाळेमुळे शोधत वेरूळला येणाऱ्या माणसाला भडकल दरवाजाखाली उभे करून हे सांगितले की त्याला दोन्ही जागा एका धाग्यात दिसतात. पुढे १६५३ मध्ये शहर मोगलांच्या हाती नव्या नावाने वाढले, बीबी का मकबरा उभा राहिला. त्याच्याही आधी देवगिरीचे यादव, आणि तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीहून हलवलेली राजधानी. एवढा इतिहास तीसेक किलोमीटरच्या टप्प्यात दाटलेला आहे. यातला कुठलाही तुकडा गाळून गोष्ट सांगता येत नाही आणि गाळायची गरजही नाही. पाहुणा भांडायला येत नाही, तो समजून घ्यायला येतो.

बावन दरवाजांचे शहर म्हणून आपण मिरवतो. उभे आहेत ते डझन-दीड डझन. स्मार्ट सिटी अभियानात काही दरवाजे दुरुस्त झाले, शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याला पुन्हा रूप आले, खाम नदीच्या काठावर चांगले काम झाले. ज्यांनी ते केले त्यांना मनापासून धन्यवाद. पण दुरुस्त केलेला दरवाजा वाहतुकीच्या कोंडाळ्यात उभा राहिला तर पाहुणा तो गाडीच्या काचेतून बघतो आणि पुढे जातो. त्याच्या शेजारी थांबायला जागा हवी, सावली हवी, माहिती देणारी पाटी हवी, आणि ती पाटी मराठी, हिंदी, इंग्रजीत वाचता येईल अशा अक्षरांत हवी. महिलांसाठी स्वच्छ शौचालय हवे. शौचालयाचा विषय मी मुद्दाम लिहितो आहे. कुटुंबाने जुन्या शहरात दोन तास फिरायचे की नाही हे बहुतेक वेळा तेवढ्यावरच ठरते, आणि गाईडला ते आधी कळते, कारण विचारणा आमच्याकडेच होते.

आता हातमागाबद्दल लिहितो, कारण पैसा कुठे अडतो ते तिथे स्पष्ट दिसते.

हिमरू हे हातमागावरचे कापड आपल्या शहराची ओळख. सुती ताण्यावर रेशमाचा जादा बाणा घालून वेलबुट्टी काढतात. शाल उलटी करून बघितली की मागे सुटे धागे तरंगताना दिसतात, आणि त्या धाग्यांमुळेच ती अंगावर घेतली की ऊबदार लागते. विणकर पाय खड्ड्यात सोडून मागावर बसतो. धोटा इकडून तिकडे जातो, फणी ठोकली जाते, आणि तासाभरात जे कापड पुढे सरकते ते बोटांनी मोजावे इतके. पाहुणा पहिली पाच मिनिटे फोटो काढतो. मग फोन खिशात ठेवतो आणि नुसता बघत राहतो. ज्याने विणताना पाहिले तो शालीच्या किमतीवर घासाघीस करत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. तो किंमत विचारतो आणि पैसे काढतो. अशा अस्सल हातमागांची संख्या आज बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे.

कारण काय? बस तिथे जातच नाही. पर्यटकांच्या मोठ्या बसला जुन्या शहरातल्या गल्लीत वळायला जागा नाही, थांबायला तर नाहीच. शिवाय धंद्यातली एक गोष्ट इथे उघड लिहायला हवी. मोठ्या रस्त्यावरची मोठी दुकाने गाडी घेऊन येणाऱ्याला विक्रीवर कमिशन देतात, त्यामुळे गाड्या तिथे थांबतात. तिथे हातमागाच्या नावाखाली यंत्रमागाचा मालही खपतो. गल्लीतला विणकर कमिशन कुठून देणार? त्याच्या शालीत सुटते ती मजुरी. मग त्याचा मुलगा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीत लागतो, आणि त्यात त्या मुलाची काही चूक नाही. एक पिढी गेली की माग लाकूडसामान म्हणून विकला जातो. या साखळीतली एकच कडी तुमच्या हातात आहे, ती म्हणजे पाहुण्याला मागापर्यंत पोहोचवणारी वाट. मुख्य रस्त्यावर बस उभ्या करायला तळ, तिथून जुन्या शहरात फिरणाऱ्या लहान विजेच्या गाड्या, आणि खऱ्या हातमागाच्या दारावर महापालिकेची खूण असलेली पाटी. यातल्या एकाही गोष्टीला शेकडो कोटी लागत नाहीत.

पैठणचेही तसेच. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, एकनाथांचा वाडा, नाथषष्ठीची यात्रा, जायकवाडीच्या पाण्यावर थंडीत उतरणारे पक्षी, आणि पैठणी. पैठणीला २०१० पासून भौगोलिक निर्देशांक (जीआय) म्हणजे मूळ गावाच्या नावाचे कायदेशीर संरक्षण आहे. पदर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली हाताने फिरवावी लागते, म्हणून मोर आणि आसावली दोन्ही बाजूंनी सारखीच दिसतात. हे समोर बसून पाहण्यासारखे आहे. शहरापासून पैठण पन्नासेक किलोमीटर, म्हणजे आरामात एक दिवस. पण पाहुण्याच्या यादीत तो दिवसच नसतो.

हा दिवस कुठून आणायचा? लेण्यांच्या सुट्ट्यांमधून. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. आज या सुट्ट्या आपल्याला अडचण वाटतात. फाटकावर येऊन परत जाणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, लांबून आलेली, मुलांची तोंडे उतरलेली. सोमवार आणि मंगळवार हे जुन्या शहराचे आणि पैठणचे दिवस म्हणून जाहीर करा. त्या दोन दिवशी माग बघायला मिळेल, पाणचक्कीवर माहिती द्यायला माणूस असेल, संध्याकाळी वारसा फेरी निघेल, पैठणची खास बस सुटेल, हे विमानतळावर, रेल्वे स्थानकावर, प्रत्येक हॉटेलच्या काउंटरवर लिहिलेले असू द्या. शनिवार-रविवारी अंगावर येणारी गर्दी थोडी पांगेल, आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत मोकळ्या राहणाऱ्या खोल्या भरतील.

अहमदाबादने हे करून दाखवले आहे. तिथल्या महापालिकेने १९९७ मध्ये जुन्या शहरातून रोज सकाळी निघणारी वारसा फेरी सुरू केली. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघायचे, पोळांमधून म्हणजे जुन्या गल्ली-वस्त्यांमधून, लाकडी नक्षीच्या घरांखालून, पक्ष्यांना दाणे टाकायच्या चबुतऱ्यांपाशी थांबत जामा मशिदीपर्यंत यायचे. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, ते भारतातले पहिले जागतिक वारसा शहर झाले. मला यातला ‘रोज’ हा भाग महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडेही फेऱ्या निघतात, उत्साही मंडळी फार मनापासून काढतात, पण त्या एखाद्या रविवारी, एखाद्या सप्ताहात. पाहुण्याला बुधवारी सकाळी फेरी आहे का, याचे उत्तर हवे असते. फेरी रोज असेल तरच सहलीचे नियोजन करणारा तिच्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवतो, आणि अर्धा दिवस राखला की रात्र आपोआप वाढते. आपला मार्ग तर पायाखाली तयार आहे. भडकल दरवाजा, नौखंडा, जामा मशीद, सराफा, गुलमंडी, राजाबाजारचा संस्थान गणपती, शहागंज. वाटेत नान-खलियाच्या, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्श्याच्या भट्ट्या आहेत. तुघलकाच्या फौजेसाठी हे जेवण शिजायचे असे इथले लोक सांगतात, आणि ते सांगत सांगतच ताट पुढे करतात.

दुसरे उदाहरण नेपाळमधल्या भक्तपूरचे. तिथे परदेशी पाहुण्याकडून शहरात शिरतानाच नगरपालिका शुल्क घेते, आणि ते पैसे शहराच्याच देवळांवर, चौकांवर, तळ्यांवर खर्च होतात. २०१५ च्या भूकंपात पडलेली देवळे तिथल्याच सुतारांनी आणि गवंड्यांनी पुन्हा उभी केली, म्हणजे दुरुस्तीचा पैसाही गावातच फिरला. आपण शहरात शिरायला शुल्क लावावे असे मी म्हणत नाही, आपल्याकडे ते शोभणारही नाही. पण शहराचे स्वतःचे एक तिकीट असायला काय हरकत आहे? फेरी, लहान गाडीचा प्रवास, मागाची भेट, पाणचक्की असे सगळे मिळून एकच तिकीट. पाणचक्की वक्फ मंडळाकडे आहे, तर त्यांना बरोबर घ्या. जमा होणारा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यातून फक्त दरवाजे, पाट्या, शौचालये आणि मागांची दुरुस्ती करा. वर्षाच्या शेवटी हिशेब भडकल दरवाजापाशी फलकावर लावा.

राहण्याच्या सोयीबद्दल बोलायचे तर मोठी हॉटेले आपल्याकडे आहेत आणि चांगली आहेत. उणीव आहे ती जुन्या शहरात, घरात राहता येण्याची. राज्याची निवास व न्याहारी योजना आहे. महिलांसाठीच्या ‘आई’ पर्यटन धोरणात १५ लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा मिळतो. जुन्या शहरात मोठे वाडे आहेत, माड्या आहेत, आणि कमावत्या वयाची मुले बाहेरगावी गेल्याने रिकाम्या पडलेल्या खोल्या आहेत. या योजना माहीत असलेली बाई मला अजून त्या गल्ल्यांत भेटलेली नाही. अर्ज ऑनलाइन आहे म्हणून काम भागत नाही. महापालिकेचा एक माणूस आठवड्यातून एक दिवस टेबल घेऊन गुलमंडीत बसला, कागद बघितले, अग्निसुरक्षेचा आणि पोलीस पडताळणीचा अर्ज तिथेच भरून घेतला, तर वर्षभरात किती घरे पुढे येतात ते बघा.

पण पाणी? इथे मला थोडे थांबावे लागते. जायकवाडीसारखे धरण हाकेच्या अंतरावर असून शहरातल्या कितीतरी भागांत वर्षानुवर्षे नळाला कित्येक दिवसांआड पाणी येत आले आहे. ज्या घरात टाकी आणि पिंपे भरून ठेवून आठवडा काढायचा, त्या घरातली बाई पाहुण्याला बादलीभर गरम पाणी कुठून देणार? मोठे हॉटेल टँकर मागवते आणि खर्च बिलात घालते. छोट्या घराला ते परवडत नाही. त्यामुळे पाणी हा नागरी सुविधेचा विषय म्हणून एका फाईलमध्ये आणि पर्यटन दुसऱ्या फाईलमध्ये ठेवू नका. नव्या योजनेचे पाणी जुन्या शहराला कोणत्या महिन्यात आणि किती अंतराने मिळणार, हे पर्यटनाच्या बैठकीत विचारले गेले पाहिजे. सतराव्या शतकात मलिक अंबरने डोंगराकडचे पाणी भूमिगत नहरींतून शहरात आणले. ती नहर-ए-अंबरी आजही जगभरच्या अभ्यासकांना इथे खेचून आणते. पाणचक्कीत तर उंचावरून पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर जाते फिरायचे आणि पीठ निघायचे. नहरींवर अतिक्रमणे आणि सांडपाणी येते आहे, ते थांबवण्याचे काम लांबवू नका. त्या फुटल्या की पुन्हा बांधता येणार नाहीत.

शहराबाहेरच्या माणसांचे काय, तेही लिहायलाच हवे. अजिंठ्याला खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात आणि पुढचे चार किलोमीटर बसने जावे लागते. लेण्यांना धूर लागू नये म्हणून केलेली ही व्यवस्था उत्तम आहे. त्या फाट्याच्या आसपासची गावे लेण्यांवर जगतात. डोली उचलणारे, गारगोट्या विकणारे, चहावाले. डोलीवाले म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवून पायऱ्यांवरून वर नेतात. उन्हाळ्यात दगड तापलेला असतो, खांद्याला वळ पडलेले असतात, आणि हंगाम संपला की काम नाही. कोरडवाहू शेती, वर दुष्काळ. २०१२-१३ आणि २०१५-१६ ची वर्षे या भागाने कशी काढली ते सगळ्यांना ठाऊक आहे. या माणसांना विमा, ओळखपत्र, बसायला सावलीची जागा आणि ठरलेले दर मिळाले तर त्यांची पाहुण्याशी रोजची हुज्जत संपेल आणि पाहुणाही शांतपणे वर जाईल.

तिथेच अभ्यागत केंद्र आहे. जपानच्या कर्जसहाय्यातून झालेल्या अजिंठा-वेरूळ प्रकल्पातली ती इमारत. आत १, २, १६ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांच्या प्रतिकृती. पुढे वीज आणि पाण्याची बिले थकली आणि केंद्राला कुलूप लागले. एवढी मोठी वास्तू बांधून महिन्याच्या बिलाची तरतूद न करणे हा दोष कोणा एका माणसाचा नाही, तो आपल्या सगळ्या योजनांचा आहे. बांधकामाला पैसे मंजूर होतात, चालवायला होत नाहीत. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की नवे काही बांधण्याआधी असलेले चालते ठेवा. या केंद्राचे मोल आणखी एका कारणाने आहे. अजिंठ्याची चित्रे मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. बंद लेण्यात माणसांची गर्दी झाली की श्वासाची वाफ आणि उष्णता त्या गिलाव्याला सोसत नाही. गर्दीच्या दिवशी पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे उभे राहायला आमच्या वाट्याला काही मिनिटे येतात, मागून रांग ढकलत असते. तीच चित्रे केंद्रात सावकाश समजावून सांगता आली, तर लेण्यात गेल्यावर पाहुण्याला काय बघायचे ते ठाऊक असेल आणि तो कमी वेळात जास्त पाहील. पाहुण्यांची संख्या वाढवण्यापेक्षा त्यांचा मुक्काम वाढवा म्हणतो, त्याचे हेही कारण. शहराची कमाई वाढेल आणि लेण्यांवरचा ताण वाढणार नाही, अशी वाट मला तरी हीच एक दिसते.

कारखान्यांनी या शहराला वाढवले, हे मी विसरत नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि आसपासच्या खेड्यांतली एक पिढी उभी राहिली. आता शेंद्रा आणि बिडकीनला ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीत कंपन्या येत आहेत, त्यांचेही स्वागत. पण कंपनी आयटीआय झालेला, विशीतला मुलगा मागते. पन्नाशीचा विणकर, घर सोडून जाऊ न शकणारी बाई, अजिंठ्याजवळच्या लेणापूरचा डोलीवाला, शहागंजचा नान भाजणारा, यांना कोणती कंपनी घेणार? वारसा पर्यटन या माणसांना काम देते, तेही ते आहेत तिथे आणि त्यांना येते त्या हुन्नरावर. विभागाची अर्थव्यवस्था सावरायची म्हणताना मला ही माणसे दिसतात.

एक काळजीही सांगतो. व्हेनिसच्या जुन्या शहरात आता पन्नास हजारांपेक्षा कमी रहिवासी उरले आहेत आणि दिवसभरासाठी येणाऱ्यांवर २०२४ पासून शुल्क लावावे लागले. आपण त्या टोकाला जाण्याची भीती आज नाही, पण सुशोभीकरणाच्या नावाखाली आधी हातगाडी उठते, मग भाडेकरू, मग कारागीर. तसे झाले तर पाहुण्याला दाखवायला भिंती उरतील. फेरीच्या मार्गावरच्या फेरीवाल्यांना हलवू नका. त्यांना स्वच्छ ठेला, पाणी आणि परवाना द्या.

फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० च्या निमित्ताने डब्ल्यू-२० या महिलांच्या प्रश्नांवरच्या गटाची बैठक इथे झाली. किती थोड्या दिवसांत रस्ते झाले, दिवे लागले, भिंती रंगल्या. म्हणजे महापालिकेत हात आहेत, माणसे आहेत, मनात आणले की होते. तेव्हा पाहुणे दोन दिवसांचे होते. माझे पाहुणे वर्षभर येतात.

दरवर्षी १९ ते २५ नोव्हेंबरला जागतिक वारसा सप्ताह असतो. यंदाच्या सप्ताहात पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता भडकल दरवाजापासून महापालिकेची फेरी निघावी, आणि २६ तारखेलाही निघावी, २७ लाही. त्याच दिवसापासून शहरातल्या हॉटेलांनी आणि लॉजनी पाहुण्यांच्या रात्रींचा आकडा दर महिन्याला महापालिकेला कळवावा, नावे-गावे न देता, आणि तो आकडा तुम्ही जाहीर करावा. फेरीचा मार्ग आखायला, वेळ ठरवायला, नव्या मुलामुलींना गाईडचे काम शिकवायला आम्ही गाईड मंडळी विनामोबदला येऊ. बैठकीची तारीख कळवा. सोमवार असेल तर बरे, त्या दिवशी अजिंठा बंद असतो.

आपला,
एक पर्यटक गाईड
छत्रपती संभाजीनगर